चार हजार शंभर

रात्री दीड वाजता कर्वेनगर जरा गप्प होतं.
पाण्याचा पंप थांबतो, कुत्रीही आपला वाद मिटवतात.
तेव्हा मी वूफरपासून हातभर अंतरावर माईक लावते
आणि खालपासून वरपर्यंत एक लांब शीळ सोडते.
भिंतींना गाद्या टेकवलेल्या, पंखा बंद,
मानेवरून घाम.

पडद्यावर रेघ उमटते.
दोन हजारांपर्यंत शहाण्यासारखी चालते,
मग चार हजार शंभरवर एकदम ताडकन उभी.
बारा डेसिबल.
पर्वती नव्हे, पर्वती गोल आहे.
ही सुई.

अ‍ॅल्युमिनियमचा कोन. हलका, ताठ,
खालचं सगळं प्रामाणिकपणे सांगणारा.
तेवढ्या एका ठिकाणी मात्र
तो गाणं सोडून स्वतःचंच बोलतो.
बातम्या देणाऱ्या बाईचा प्रत्येक ‘स’
कानात टाचणीसारखा.

क्रॉसओव्हर होताच, दोन हजारांवर.
त्याने सुईला खाली ढकललं, बोथट केलं नाही.
मागच्या रांगेत बसवलेला माणूस
मागच्या रांगेतून ओरडतोच की.
म्हणून त्याच्या वाटेत एक दार:
कॉइल आणि कपॅसिटर शेजारी शेजारी,
आणि दार किती घट्ट लावायचं
ते ठरवायला एक रेझिस्टर.

कपॅसिटर तापकीर गल्लीत मिळाला, सहा पॉइंट आठ.
“पंख्याला का?” दुकानदार म्हणाला.
मी हो म्हटलं. वाद नको.
कॉइल मिळेना. पॉइंट बावीस मिलिहेन्री
कोण कशाला ठेवेल?
तार विकत घेतली आणि तांबट आळीत गेले,
मोरेश्वर करड्यांकडे.
पन्नास वर्षं हंडे मठारलेले हात.

लाकडी रिळावर वेढ्याशेजारी वेढा,
एक तिरका नाही.
मी मोजत होते, ते मोजत नव्हते.
म्हणाले, “भांडं ठोकत राहिलं की ताठ होतं,
ताठ झालं की बोलायला लागतं.
मग ठोकायचं नसतं. ताव द्यायचा.
तुझ्याकडे भट्टी नाही,
म्हणून ही तार.”
मी त्यांना अजून काहीच समजावलं नव्हतं.

सत्तेचाळीस ओमला आवाजाचा जीवच गेला.
बावीसवर थांबले.

रविवारी काका आले, नात शर्वरीला घेऊन.
आधी कॉइल काढून लावलं.
शर्वरीने कानांवर हात ठेवले.
काका म्हणाले, “झकास आहे की.”
मग कॉइल जोडून.
शर्वरीने हात काढले.
काका म्हणाले, “तेच तर आहे.”

मला वाटलं, भिडेखातर.
म्हटलं, काका, नुसती शीळ लावते,
ऐकू येईल तोवर बोट वर ठेवा.
एक हजार, दोन, अडीच. बोट वर.
तीनवर जरा वाकलं.
चारवर मांडीवर पडून राहिलं,
आणि घरभर ती शीळ चालूच,
शर्वरी एकदा माझ्याकडे बघत, एकदा बोटाकडे.
सातच्या आसपास ते थोडं उठलं,
मध्ये वीज गेली होती जणू.

ते गॅलरीत गेल्यावर मी कागदावर ती रेघ काढली,
वूफरच्या रेघेखाली धरली.
हिची सुई जिथे, तिथे त्यांचा खड्डा.
तंतोतंत नाही.
त्यांचा खड्डा रुंद होता, कडा ढासळलेल्या.
तिथे कुणी मोजून रेझिस्टर लावला नव्हता.

“काय असतं गं तिथे?” मागून काका.
मी म्हटलं, स असतो. श असतो.
चमचा ताटलीला लागतो ना, ते.
आणि हातोडीचा अगदी पहिला, टोकाचा आवाज.
ते हसले.
“म्हणजे तिचं तीच घेऊन गेली.”

शर्वरी स्पीकरसमोर बसून
स स स करत होती, त्याला शिकवल्यासारखी.
दुसऱ्या बाजूची कॉइल अजून पिशवीतच होती.
काकांनी ती काढली, नखाने टिचकी मारली,
हंडा पारखावा तशी कानाशी नेली,
थोडा वेळ धरली.
मग नातीच्या हातात दिली:
“बघ गं, बोलते का?”